विहिणीची पुरचुंडी

२०१९ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा. गावातली सर्दी-खोकल्याची पोरं माझ्याच ओट्यावर यायची. पाला कुठला ते मी कुणालाच सांगत नव्हतो. सांगितलं की गुण जातो, असं बापानं सांगून ठेवलेलं.

त्या थंडीत चौलची विहीण, सुनेची आई, आली. माझ्याच नातवाची छाती भरली, तर तिनं ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधला अन् शेकली. वर शेजारणींनाही शिकवलं. पोरगा गाढ झोपला आणि माझा जीव जळत राहिला.

"व्याहीबुवा, तुमचं औषध कसलं हो?"

"सांगायचं न्हाय ते."

"मग तुमच्यामागं देणार कोण?"

शेजारणी हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला कुंपणापाशी नेऊन मी अडुळसा दाखवला. म्हटलं, "तुझ्या आईला मात्र सांगू नको."