नंबरपाटीवरचा हार

कॅमेरे बसले तेव्हापासून बेळगावात सरळ रस्त्याने गाडी घालणं मी सोडून दिलं. काकतीजवळच्या आमच्या गावातून शहरातल्या बँकेत कामाला जायचं, तर हमरस्ता समोर पडलेला. पण मी पाणंदीतून, कुणाच्या उसाच्या कडेकडेने, मग गल्लीबोळांतून वळसे घालत जायची आणि रोज उशिरा पोचून साहेबांची बोलणी खायची. कारण आमच्या मोटारीवर महाराष्ट्राचा नंबर होता आणि कर्नाटकाचा रोडटॅक्स आम्ही कधी भरलाच नव्हता.

हे काही आमचं एकट्याचं पाप नव्हे. आमच्या भागात अशा गाड्या गल्लोगल्ली सापडतील. कोल्हापुरात कुणाची आत्या, कुणाचा मामा असतोच. त्यांच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि फिरवायची इकडे. तिकडे टॅक्स कमी बसतो, हे कारण सगळे सांगतात. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कारण वेगळं होतं. ‘आम्हाला महाराष्ट्रात घ्या’ म्हणण्यात त्यांची हयात गेली. मोर्चे झाले, लाठ्या खाऊन झाल्या, डोक्याचे केस पांढरे झाले, आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. निदान गाडी तरी तिकडची, एवढंच समाधान. दर रविवारी ते ओल्या फडक्याने पुढची-मागची पाटी घासूनपुसून लख्ख करायचे. काचेवर चिखल राहिला तरी त्यांना चालायचं.

बँकेत कॅमेऱ्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. तो पाटी वाचतो, परराज्यातली गाडी महिनोन्महिने इथेच फिरतेय हे त्याचं त्यालाच कळतं, टॅक्स थकलेला असला की मेसेज जातो आणि तरी भरला नाही तर गाडी जप्त. पूर्वी चौकात माणूस उभा असायचा. त्याला चहा लागायचा, जांभई यायची, तेवढ्यात निसटता यायचं. याला मेल्याला काहीच लागत नाही. खांब दिसला की मी गाडी वळवायची, मग तो विजेचा का असेना.

शेवटी एकदा जेवताना मी विषय काढलाच.

“आप्पा, टॅक्स भरून टाकू या. नंबर इकडचा करून घेऊ.”

“गाडी ईक पायजे तर. नंबर बदलायचा न्हाय.”

“आणि मी कामाला काय उडत जाऊ?”

“बसनं जा. मी न्हाय का गेलतो जन्मभर?”

ताट तसंच सारून मी उठले. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही, असं वर्षातून दहादा तरी मला वाटतं.

आमच्याकडे अमावस्येला गाडी धुतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढे झेंडूचा हार घालतात. त्या अमावस्येला आप्पांनी घातलेला हार चांगला हातभर लोंबत होता. पाटी पार झाकून गेली. फुलं स्वस्त मिळाली असतील, असं मला वाटलं. काही दिवसांनी हार वाळून कोळ झाला म्हणून काढायला गेले, तर म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं.

“देवाचा हार हाय त्यो. हात लावू नगं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ताजा हार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हार मी तसाच राहू दिला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. देवाचं नाव आणि आमची सोय. मी हमरस्त्याने जाऊ लागले, वेळेवर पोचू लागले, कॅमेऱ्याखालून जाताना मान वर करून बघूही लागले. फुलवाली मात्र आप्पांना विचारायची, “अण्णा, रोजरोज कसली वो पूजा?” शनिवारी ते माझ्याबरोबर बाजाराला यायचे, मागच्या सीटवर साहेबासारखे बसून.

मग एके दिवशी कोल्हापूरहून आत्याचा फोन आला. गाडीच्या कागदांवर पत्ता तिचा, फोन नंबरही तिचाच.

“अगं, तुमच्या गाडीचा फोटू आलाय माझ्या फोनवर. टॅक्स भरा म्हणतोय. दादा बी दिसतोय त्यात, पाठमोरा. टोपी वळखली मी.”

तिने फोटो माझ्या फोनवर धाडला. कॅमेऱ्याने आम्हाला मागून टिपलं होतं. पुढची पाटी फुलांत बुडवली होती आणि मागची आप्पांनीच पुसून अशी चकचकीत ठेवली होती, की फोटोत अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मला हसू आवरेना आणि संतापही. आप्पांनी माझा फोन हातात घेतला आणि फोटोतली पाटी बोट फिरवत वाचली.

“भर,” ते म्हणाले. “भणीच्या दारात कोण इचारायला यायला नगो.”

टॅक्स भरला आणि त्याबरोबर नंबरही बदलावाच लागला. कोल्हापूरहून ना-हरकत आणली, कर्नाटकाचा नंबर मिळाला. जुन्या पाटीचे स्क्रू आप्पांनी स्वतः काढले. नवीन पाटीला त्यांनी फडकं कधी लावलं नाही.

दिवाळीत भाऊबिजेला आम्ही आत्याकडे निघालो. निपाणी मागे पडली, हद्दीचा नाका गेला, आणि कागलच्या पुढे एका तरण्या पोलिसाने हात केला. पाटी बघून तो हिंदीत म्हणाला, “कहाँ जाना है, चाचा?”

आप्पा खिडकीतून वाकले. “कोल्हापूरला. भणीकडं. भाऊबीज हाय न्हवं आज.”

पोरगा खूश झाला. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं.

“अरे वा! मराठी चांगलं बोलता की, काका. कुठं शिकला?”

आता आप्पा याला सोडत नाहीत, असं मला वाटलं. मोर्चातला त्यांचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण त्यांनी डोक्यावरची टोपी नुसती सारखी केली.

“घरात,” ते म्हणाले.

कागद चोख होते, पोलिसाने लगेच सोडलं. आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं, तरी पुढचा खांब दिसताच माझा पाय ब्रेकवर गेला. आप्पा बाहेर बघत बसले.

आत्या दारातच उभी होती. मी गाडी थांबवली, पण आप्पा उतरेनात.

“गाडी पलीकडच्या गल्लीत लाव गं,” ते हळूच म्हणाले. “हितं दारात नगो.”

मी गाडी मागे घेतली.