चढ हाय का?

उजवा पंजा समोर धरायचा, बोटं वर, मनगट खाली, असा तिरका, आणि विचारायचं, "चढ हाय का?" ट्रेडमिलच्या कुठल्याही दुकानात शिरल्यावर आमच्या शेजारच्या काकांचा हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. किंमत, मोटर, गॅरंटी सगळं मागाहून.

तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल, की जो बरोबरच बोलत असतो आणि तरीही त्याला उचलून विहिरीत टाकावंसं वाटतं. काका एसटीत ड्रायव्हर होते. निम्मी नोकरी म्हसळ्याकडच्या घाटवळणांत गेली. निवृत्त होऊन चौलला वडिलांच्या सुपारीच्या वाडीत राहायला आले आणि आमच्या मधल्या कुंपणाला एक फाटक करून घेतलं. मला न विचारता.

दरवर्षी दत्तजयंतीला वाडीतला सुपारीचा पहिला घड घेऊन ते दत्ताच्या डोंगरावर जात. वडील नेत, मग हे. एका वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, पायऱ्या बंद. तो घड मी नेला. खाली आल्यावर त्यांना प्रसाद दिला, तर म्हणाले, "घड पोचला हो मास्तर. मी न्हाय पोचलो." पुढल्या वर्षी स्वतः चढायचं, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण रस्त्यानं चालायचं म्हणजे शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या अंगावर, आणि पावसाळ्यात चार महिने तेही नाही. मग घरात मशीन. मला साखर निघालेली होतीच. "निम्मे तुमचे, निम्मे माझे," काका म्हणाले. दोघांचे मिळून पंचवीस हजार जमत होते. मी हो म्हणालो आणि शाळेच्या सुट्टीतल्या सगळ्या रविवारांवर पाणी सोडलं.

अलिबागेतला पहिला दुकानदार उत्साहानं सांगू लागला, की ह्यात गाणी लागतात, ह्यात पंखा आहे. काका चपला काढून मशीनवर चढले, पट्टा थोडा चालवला, वाकून मोटरला कान लावला. मग पंजा तिरका.

"काका, आपोआप चढ देणारं मशीन दुप्पट किमतीला पडेल," दुकानदार म्हणाला.

"सरळ रस्त्याला काय, सगळ्याच गाड्या चालतात. चढावर काय करते ते बोला."

दुसऱ्या दुकानात हेच. पेणला हेच. मी चिडून म्हणालो, "अहो, बजेट केवढं, मागणी केवढी!" तर मलाच म्हणाले, "मास्तर, दत्त काय सपाटीवर बसलाय?"

मग कुणीतरी सांगितलं, की नागावला एका बंगल्यातलं जुनं मशीन विकायचंय, चढवालं, आपल्या बजेटात. गेलो. मशीनवर मालकाचे टॉवेल वाळत होते. काकांनी खालून बोट फिरवून दाखवलं, लाल झालं होतं. खाऱ्या वाऱ्यानं सांगाडा आतून खाल्ला होता. "ह्याच्यावर चढलो तर सरळ वरच जाईन," म्हणाले. बरोबरच होतं. म्हणूनच जास्त राग आला.

शेवटी आम्ही पहिल्याच दुकानातलं, पहिल्याच दिवशी पाहिलेलं सपाट मशीन घेतलं. सात रविवार फुकट! त्यांच्या ओटीवर सुपाऱ्या वाळत घालतात, म्हणून ते आलं माझ्या ओटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाटक वाजलं. काका जांभ्याचे दोन चिरे ढकलगाडीवर घालून घेऊन आले होते. ते त्यांनी मशीनच्या पुढच्या पायांखाली सरकवले, हात झटकले आणि म्हणाले, "झाला चढ."

दुकानदार सर्व्हिसिंगला आला तेव्हा चिरे बघून मटकन खाली बसला. "गॅरंटी संपली," म्हणाला.

"आमची तरी कुठं हाय?" काका म्हणाले.

त्यानंतर रोज सहा वाजता ते फाटक, तो पट्ट्याचा घरघराट आणि चालता चालता अखंड बोलणं. माझी बायको चहा ठेवायची, मी उशी डोक्यावर घ्यायचो. पण माणूस खरंच सुधारत होता. जूनमध्ये पाच मिनिटांत धापा टाकणारे काका दिवाळीला अर्धा तास चढ चढत होते, आणि वर माझ्या चालण्यात चुका काढत होते. डॉक्टरांनीही मान डोलावली.

दत्तजयंतीला घड खांद्यावर घेऊन ते डोंगर चढले. मी मागे होतो, धाप मलाच लागली होती. वर पोचल्यावर त्यांनी घड ठेवला, हात जोडले आणि रडले. मीही रडलो, उगाच कशाला खोटं बोलू.

आणि मग उतरायला लागलो. दहाव्या पायरीला त्यांचे गुडघे लटपटू लागले. विसाव्या पायरीला खालीच बसले. वर चढायचं सगळं शिकले होते, उतरण्याचा सराव कुणी केलाच नव्हता! जत्रेतल्या मिठाईवाल्याची प्लास्टिकची खुर्ची मागितली आणि चौघांनी मिळून त्यांना खाली आणलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. सगळी जत्रा बघत होती.

"जन्मभर घाटात गाडी चालवलीत," मी पायथ्याशी ओरडलो, "आणि उतार विसरलात?"

"उताराला ब्रेक असायचा ओ," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, झालं, नाद सुटला. दुसऱ्या दिवशी सहाला फाटक वाजलं. काकांनी चिरे पुढच्या पायांखालून काढले आणि मागच्या पायांखाली घातले. मशीन पुढे झुकलं. "आता उतार," म्हणाले. "पुढल्या वर्षी खुर्ची न्हाय लागायची." मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून मलाही त्याच घसरगुंडीवर चालणं भाग होतं.

श्रावणात एका सकाळी फाटक वाजलं नाही. साडेसहाला मी बघायला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि मला कळलं. झोपेतच गेले होते.

बायको म्हणाली, ते चिरे काढा आता. मी उद्या काढतो म्हणालो, आणि तसाच चालत राहिलो.

मार्गशीर्षात काकूंनी सुपारीचा घड माझ्या हातात दिला. मी नेला, ठेवला आणि खाली आलो. पायथ्याशी येऊन चपला घालताना लक्षात आलं, की इतक्या पायऱ्या उतरलो, पण गुडघा एकदाही कुरकुरला नाही. त्यांचं पुन्हा बरोबर निघालं होतं, आणि हे सांगून भांडायला ते नव्हते. मला त्यांचा इतका राग आला, की मी तिथंच शेवटच्या पायरीवर बसून राहिलो.