दारावरचा तिसरा ओरखडा

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. चौतीस वर्षं ते दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत होते. साचा घ्यायचा, मेण भरायचं, दात बसवायचे आणि शेवटी मोटरवर फिरणाऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर कवळी अशी घासायची, की जिभेला कुठे कण लागता कामा नये. डॉक्टर बदलले, खोलीचा रंग बदलला, पण काकांनी बनवलेली कवळी बोचते म्हणून क्वचितच कुणी परत आलं.

अशा माणसाचा स्वभाव घरच्यांना जड जातो. पंखा असो की मिक्सर, बाहेर दुरुस्तीला द्यायचं म्हटलं की काकांच्या कपाळाला आठी. ते स्वतः दुरुस्त करायचे आणि करायचेही चांगलं. फक्त त्यानंतर ती वस्तू कुणाला सुखाने वापरता यायची नाही. "बटण हळू दाब," असं आतल्या खोलीतून ऐकू यायचंच.

काकू शाळेत ग्रंथपाल. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं आणि गाडी शिकल्या. परीक्षेत दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. परवाना हातात आला त्या दिवशी त्यांनी तो शाळेत प्रत्येक शिक्षिकेला दाखवला, शिपायालासुद्धा.

एकटीने गाडी काढायची पहिली वेळ आली ती ताईंमुळे. ताई म्हणजे काकांची मोठी बहीण, घरातच राहायच्या, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काका कामावर होते आणि तपासणीची वेळ अकराची.

"वन्सं, चला, मी नेते," काकू म्हणाल्या.

जाणं झालं, येणं झालं. रस्ताभर काही झालं नाही. घरच्या फाटकातून आत वळताना मात्र फाटकाची लोखंडी कडी, जी वाकून कित्येक वर्षं बाहेर आलेली होती, ती गाडीच्या डाव्या अंगाला लागली. कर्रर्र असा आवाज आला. काकू घाबरल्या आणि त्यांनी गाडी मागे घेतली. म्हणजे तोच ओरखडा दुसऱ्यांदा पडला.

संध्याकाळी काका आले तेव्हा काकू अंगणातच उभ्या होत्या. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत तीन रेघा. काकांनी त्या बघितल्या. मान डोलावली.

"तुम्हा दोघींना लागलं नाही ना?"

"आम्हाला नाही. गाडीला."

"असू दे. रविवारी काढून टाकतो."

बस, एवढंच. ना आवाज चढला, ना चेहरा पडला. काकू रात्रीच्या जेवणापर्यंत वाट बघत होत्या, आता बोलतील, मग बोलतील. ते बोललेच नाहीत.

पहिला रविवार चांगला गेला. काकांनी गाडी धुतली, पुसली आणि रेघांवरून आडवं नख फिरवलं. दोन रेघांवरून नख सरकलं, तिसरीत अडकलं. जिथे नख अडकतं तिथे जखम खोल, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रेघांच्या कडेने चिकटपट्टी लावून ते साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बारीक वॉटर पेपरने घासत बसले. दुपारपर्यंत दोन रेघा गेल्या. मग पॉलिश. त्यांनी दोघींना बाहेर बोलावलं.

"कुठे होत्या, दाखवा बरं!"

ताईंनी ऑपरेशनचा चष्मा वर केला, खाली केला. "मला तर आधीही दिसत नव्हत्या."

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तिसरी रेघ डोळ्यांत खुपत होती आणि हाताने घासून ती हलत नव्हती. पुढच्या रविवारी काकांनी कामावरून नमद्याचं चाक आणलं आणि ते ड्रिलला लावलं. दाराच्या मधोमध पत्र्याला एक घडी होती. अशा कडेवर रंग पातळ असतो. कवळीच्या कडेलाही चाक हलकंच टेकवायचं, हे त्यांनी आजवर चार शिकाऊंना शिकवलेलं. तरीही हात दाबला गेला. दोन सेकंद. निळा रंग उडाला आणि खालचा राखाडी थर वर आला, चांगला दोन बोटं रुंद.

काकांनी प्लग काढला. मग ड्रिलची वायर गुंडाळायला लागले. ती तीन वेळा सुटली.

तिसऱ्या रविवारी रंग. दाराच्या आतल्या पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तो लिहून नेऊन त्यांनी बाटली आणली. नंबर बरोबर, बाटली बरोबर. पण गाडी अकरा वर्षं उन्हात उभी होती आणि बाटली दुकानात. लावलेला रंग असा दिसायला लागला, जसा जुन्या सदऱ्याला नवा खिसा. त्यांनी तो थिनरने पुसला. थिनरने आजूबाजूची चमकही पुसली गेली.

चौथ्या रविवारी दोन बाटल्या मिसळून छटा बऱ्यापैकी जमली. वरून पारदर्शक लॅकरचा फवारा मारला, तर एका जागी ओघळ आला आणि दुसऱ्या जागी एक चिलट येऊन बसलं. काकांनी श्वास रोखून चिमट्याने ते उचललं. चिलट आलं, एक पाय आतच राहिला.

"आई गं!" ते ओरडले. एवढ्या जोरात, की शेजारचे मास्तर कुंपणापाशी आले.

"काका, टूथपेस्ट लावून बघा. ओरखडे जातात म्हणे."

"मास्तर, दातांचं मला सांगू नका."

तोवर गाडीवर कायमचं कापड चढलं होतं. काकू बसनेच शाळेत जात राहिल्या. ताई तपासणीला शेजारच्यांच्या गाडीतून गेल्या. कुणी अंगणात कपडे झटकले तरी काका कावायचे, "धूळ! धूळ उडते!" जेवतानासुद्धा त्यांचं लक्ष खिडकीकडे. कामावर एका कवळीला त्यांच्याकडून चरा पडला, आणि त्याचाही राग त्यांनी गाडीवरच काढला.

पाचव्या रविवारी ऊन कडक होतं. ताजा रंग भराभर सुकून त्याला सुरकुत्या पडत होत्या. काकू छत्री घेऊन आल्या आणि दारावर सावली धरून उभ्या राहिल्या.

"छत्री हलतेय," काका म्हणाले.

"धरते नीट."

"नको. तू आत जा. तू इथे नकोच."

काकूंनी छत्री मिटली. आत जाऊन त्यांनी पर्समधली गाडीची किल्ली काढली आणि काकांच्या किल्ल्यांच्या शेजारी खिळ्याला अडकवली. ताईंनी ते बघितलं आणि काठी टेकत त्या बाहेर आल्या.

"त्या दिवशी तू तिला काहीच बोलला नाहीस," त्या म्हणाल्या.

"मग काय, ओरडायला हवं होतं?"

"ओरडला असतास तर तिनेही चार शब्द सुनावले असते आणि मिटलं असतं. पाच रविवार झाले, तू घासतोयस आणि ती स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकतेय."

"अगं ताई, मी हे तिच्यासाठीच..."

"तिने सांगितलं होतं का? आणि एक सांगू? जिने हे सगळं केलं ती कडी अजून तशीच बाहेर आलेली आहे. मला अर्धवट दिसतं तरी दिसते."

काकांनी फाटकाकडे बघितलं. खरंच होतं. पाच रविवार ते त्या कडीच्या बाजूने बादल्या भरून नेत होते. आता त्यांना असा संताप आला, की ताईंवर काढावा, कडीवर काढावा की स्वतःवर, हेच कळेना. त्यांनी करवत आणली. पहिलं पातं तुटलं. दुसऱ्याने कडी कापली गेली. मग कानस घेऊन त्यांनी कापलेलं टोक गुळगुळीत केलं, बोट फिरवून बघितलं, पुन्हा कानस मारली. पाच आठवड्यांत नीट झालेलं तेवढं एकच काम.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजमधल्या पेंटरकडे गेले. पेंटरने दारापाशी खाली बसून बघितलं.

"कुणी केलं हो हे, काका?"

खोटं त्यांच्या अगदी जिभेवर आलं होतं. "मीच."

"ओरखडा भरायचा तर ब्रश चालत नाही. काडीच्या टोकाने रंग थेंब थेंब सोडायचा, सुकू द्यायचा, त्यावर दुसरा. शेजारच्या रंगापेक्षा केसभर वर आला, की मग घासायचं. तेही हाताने."

"आणि ही राखाडी जागा?"

"ती घरी जमणार नाही. गाडी ठेवून जा."

"नको. बघतो मी," काका म्हणाले आणि परत आले. एवढ्यात सुधारणारे ते नव्हते.

पण काडीची युक्ती मात्र त्यांनी वापरली. मेणकामाची बारीक सुई घेऊन पुढचा सगळा आठवडा रोज कामावरून आल्यावर एकेक थर भरला. रविवारी घासलं, पॉलिश केलं. तिसरा ओरखडा गेला, म्हणजे मुद्दाम शोधणाऱ्यालाच सापडेल इतका उरला. घडीवरचा डाग मात्र तिरप्या उन्हात ढगासारखा दिसायचाच. काकांनी पुन्हा वॉटर पेपर हातात घेतला.

"बास करा हो आता," काकू दारातून म्हणाल्या.

काकांनी पेपर खाली ठेवला. हात पुसले, आत गेले, खिळ्यावरची किल्ली काढून काकूंपुढे धरली.

"चल. तू चालव."

"नको. परत लागली तर आणखी दोन महिने तुम्ही अंगणात."

"लागली तर गॅरेजमध्ये देईन."

"खरं सांगता?"

काकांना 'हो' म्हणायला वेळ लागला. "हो," ते दात आवळून म्हणाले. त्यांचा चेहरा बघून काकूंना हसू फुटलं. मग हसता हसता त्यांनी सगळं बोलून घेतलं. छत्रीचं, बसचं, आणि त्या पहिल्या संध्याकाळचं, जेव्हा त्या जेवणापर्यंत वाट बघत होत्या. काका ऐकत उभे राहिले.

त्या दिवशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. फाटकातून आत घ्यायला काकूंना तीन प्रयत्न लागले. काका शेजारी गुडघे धरून बसले होते. त्यांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता.

चार महिन्यांनी काकूंनी शाळेच्या आवारात मागचा बंपर खांबाला लावला. काकांनी शब्द पाळला आणि गाडी गॅरेजमध्ये दिली. फक्त ते तिथून हलेनात. पेंटरने टेप लावला की ते वाकून बघायचे, वॉटर पेपर घेतला की तो किती नंबरचा ते विचारायचे. शेवटी पेंटरने त्यांच्यासाठी बाहेर, रस्त्याच्या कडेला एक खुर्ची टाकली आणि शटर अर्धं खाली ओढून घेतलं.