सायकलच्या ट्यूबची पट्टी

"हे तोंडात घालायला सांगितलं कुणी?"

माझा आवाज चढला होता. चिमट्यात सायकलच्या ट्यूबची एक पट्टी लोंबत होती. थरावर थर ठेवून जाड दोऱ्यानं शिवलेली, एका टोकाला चावून तुटलेली.

खुर्चीत विमल बसली होती. पिंपळगाव राजा या गावची सून, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तिनं दाराशी उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं.

"म्या शिवली," सासू गोकर्णाबाई म्हणाली. "हे झोपेत दात खाते. काऊन, काई चुकलं का?"

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. खामगावात माझा दातांचा दवाखाना नवा होता, आणि तोंडाला लगाम नव्हता. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तुटलेला तुकडा कुठे गेला, विचारलं.

"घशाशी अटकला व्हता. पोरगं नोकरीले अकोल्याले हाय, म्हून हिच्या बाजूलेच माही वाकय हातरलेली असते. पाठीत चार धपाटे देले, तवा पडला."

तो तुकडा श्वासनलिकेत गेला असता, तर पोरगी हातची गेली असती.

झोपेत करकरा दात खाण्याची सवय पुष्कळांना असते. त्यावर आम्ही नाइट गार्ड देतो, म्हणजे दातांवर बसणारी कडक पट्टी. ती त्याच माणसाच्या दातांचं माप घेऊन करायची असते, तरच जोर सगळ्या दातांवर सारखा पडतो. विमलचे बाकीचे दात ठणठणीत होते. डावीकडच्या दोन दाढा मात्र हलत होत्या, आणि जबडा उघडताना तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

मी पट्टी पुन्हा बसवली आणि मध्ये निळा कागद ठेवून तिला चावायला सांगितलं. हा कागद कार्बनसारखा असतो. जिथे दाब पडतो तिथे खूण उमटते. सगळ्या खुणा डावीकडे. तिथे पट्टी चार थरांची होती, उजवीकडे एकाच थराची.

"मावशी, डावीकडेच एवढे थर का?"

"तिकडं हालत व्हती ना."

"विमलच्या तोंडात?"

"नाही बापा, माह्या! लोकाची लेक हाय. तिच्या तोंडात एकदम कशी घालू? आधी आठ दिस मीच घालून पाह्यली. मले काई झालं नाही, मंग तिले देली."

मी तिलाच तोंड उघडायला सांगितलं. डावीकडच्या तीन दाढा केव्हाच पडलेल्या. ती पोकळी भरून काढायला बाईनं थर वाढवले होते, आणि तीच पट्टी सुनेच्या भरल्या तोंडात दोन दाढांवर रात्रभर दाबत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली.

"अहो, पण आधीच का नाही आणलंत हिला?"

आता विमल बोलली. "मामाजीले कळलं असतं."

दात खाणारी सून घराला वाईट, तिला माहेरी पाठवावं, असं तिच्या सासऱ्यांचं ठाम मत होतं. आवाज तर त्यांच्या कानावर गेलाच होता.

"माहेच दात वाजतात म्हून सांगतलं," गोकर्णाबाई म्हणाली. "मले आता कुठं धाडतीन ते?"

मी विमलच्या दातांचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा केला आणि त्यावर अॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची पट्टी तयार केली. निघताना गोकर्णाबाई हळूच म्हणाली, "साहेब, घरी न्यायच्या चिठ्ठीवर माहं नाव लिवा."

असं करणं माझ्या नियमात बसत नव्हतं. लिहिलं.

दोन-तीन महिन्यांत विमलच्या दाढा घट्ट झाल्या. पुढे एकदा तिचे सासरेच दाढ दुखते म्हणून आले. खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी हात जोडले. "डाक्टरसाहेब, आमच्या बुढीचं दात खानं बंद केलं तुमी. घर शांत झालं."

"पट्टी त्यांनी नीट वापरली," मी म्हणालो आणि तोंड फिरवून हात धुवायला लागलो.

घरी केलेली पट्टी तोंडात घालू नये, हे मी नंतर जन्मभर पेशंटना बजावत आलो. सासूनं आधी आठ दिवस स्वतः घालून पाहिलेली असली, तरीही नाही. तशी कुणी घेऊन आलं, तर डॉक्टरनं आधी त्या सासूला नमस्कार करावा आणि मग पट्टी काढून घ्यावी.