शहाण्णव मिनिटांची विहीर

मी चौथी नापास. तरी गावच्या पाणी वापर सहकारी संस्थेचा चेअरमन मीच होतो, आन चुकलो म्हणायची सवय मला कधीच नव्हती.

त्या दुष्काळात सरकारी मशीन संस्थेच्या चाळीस विहिरी खोल करून देणार होतं. प्रत्येक विहिरीवर मोबाइल धरून ठिकाणाचे आकडे आणायचे होते. माझ्या विहिरीवर मोबाइल १८.९६२५ दाखवत होता. दुसरा आकडाही असाच. कचेरीला मात्र अंश, मिनिटं, सेकंद पाहिजे होते. संस्थेची सचिव गावचीच सून. ती संगणकावर बसली तसं मी सांगितलं, "अठरा अंश, शहाण्णव मिनिटं, पंचवीस सेकंद. तोडून लिही."

"मामा, तसं नसतंय."

"चेअरमन कोण हाय?"

तिनं सगळ्याच विहिरींचं तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी यादी परत. कारकून चारचौघांत म्हणला, "चेअरमन, तुमच्या गावात मिनिटं साठाच्या वर जातेत व्हय? उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करा, न्हाईतर मशीन शेजारच्या गावाला."

मी खाली मान घालून आलो. 'मी सांगितलं होतं' असं सूनबाई एकदाही बोलली नाही. खुर्ची सरकवून दिली फक्त.

"बघा मामा. अठरा बाजूला ठेवायचे. उरल्याला साठनं गुणायचं. सत्तावन्न मिनिटं आली, वर पॉइंट पंच्याहत्तर. त्याला परत साठनं..."

"थांब! पॉइंट पंच्याहत्तर म्हंजी पाऊण. साठाचे पाऊण, पंचेचाळीस."

पडद्यावर पंचेचाळीस उमटले. मास्तरांनी छडीनं पाठ करून घेतलेली पाऊणकी साठ वर्षांनी कामाला आली. ती हसली. मग ज्या चौकटीत हे गणित लिहिलं होतं, तिचा कोपरा माउसनं धरून तिनं खाली ओढला. पाटाचं पाणी सोडल्यावर सऱ्या एकामागं एक भराव्यात, तशा चाळीसच्या चाळीस विहिरी भरत गेल्या. लई मोट हाकली मी, पण असं काम डोळ्यानं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं यादीवरनं बोट फिरवलं. "कोणी केलं?"

"आमच्या सचिव बाईनं. आधीची चूक माझी होती."

मशीन आलं. ड्रायव्हर कोणाला रस्ता न विचारता, मोबाइल बघत थेट माझ्या विहिरीच्या काठावर येऊन थांबला. मी सूनबाईला म्हणलं, "आधी तुझ्या घरची होऊ दे."

"यादीत तुमची पहिली हाय, मामा. आता कशाला बदलायची?"

बदलली नाही. तिचं ऐकलं.