फुकटचा झोका

जीपच्या स्टँडवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. सीटवरची धूळ सकाळी झटकावी, संध्याकाळी परत तेवढीच असते. किस्से तसेच साचतात. हसायचे होते ते मी बहुतेक विसरलो. डोकं फिरवणारे विसरत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण कुठे हसायचं आणि कुठे नाही, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

डहाणू ते तलासरी माझी जीप. भूकंपाच्या त्या हिवाळ्यात आमच्याकडची जमीन सारखी हलायची. भांडी वाजायची, माणसं अंगणात ताडपत्रीखाली झोपायची. असाच एक हादरा आला आणि तलासरीकडच्या एका पाड्यावर रुपजीच्या अंगावर त्याच्याच घराची भिंत पडली. रुपजी गेला. बायको जानीबाय बाहेर होती, वाचली.

दोघं माझ्याच जीपने डहाणूच्या बाजाराला वांगी घेऊन यायचे. पाटी टपावर चढवायचा तो रुपजी. तो गेल्यावर मी चढवायला लागलो. मुलाने भिंत परत उभी केली, पण बाजूच्या भिंतीचे तडे तसेच राहिले. जानीबाय त्या दिवसापासून घरात गेली नव्हती. चूल अंगणात, झोप अंगणात.

•

एका सकाळी ती पुढच्या सीटवर होती. रेडिओ चालू होता. मुंबईचं ते स्टेशन आमच्याकडे खरखरत लागतं, पण सकाळी बडबडणाऱ्या त्या बाबाचा आवाज त्या दिवशी नेमका साफ आला.

"डहाणू-तलासरीवाल्यांची मजा आहे बुवा! पाळण्याचं तिकीट नको, रोज झोका फुकट!"

मागून पुष्कळ माणसं हसली. ती टेपवरची. माझ्या जीपमध्ये कुणी हसलं नाही.

मी बटण बंद केलं. जानीबायने विचारलं, हा राहतो कुठं? मी म्हटलं, मुंबईला.

"त्याला घेऊन ये," ती म्हणाली. "मारायची नाय त्याला. घर दाखवायचाय."

मी म्हटलं, आणतो. मी सहसा शब्द देत नाही.

•

आमच्या स्टँडचा एक नियम आहे. चुकलास तर तोंडाने सॉरी म्हणायचं नाही. आपला नंबर सोडायचा, गाडी काढायची आणि रांगेत सगळ्यांच्या मागे लावायची. बस.

नरपडचा दिनेश आमच्यात सगळ्यात टवाळ. रेडिओवरचं ऐकून तोही पॅसेंजरला ओरडायला लागला, या बसा, झोका फुकट! मी त्याला बाजूला घेतलं आणि रुपजीचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.

त्याचा पहिला नंबर होता, गाडी अर्धी भरली होती. त्याने पॅसेंजर माझ्या जीपमध्ये बसवले आणि आपली गाडी मागे नेऊन लावली. दुपारपर्यंत तिथेच उभा.

माफी ती.

•

आता शब्द दिला होता, म्हणून मी रेडिओच्या नंबरवर फोन लावला. एका मुलीने उचलला. आवाज गोड. मी सांगितलं, तुमच्या त्या माणसाला आमच्याकडे एका बाईने बोलावलंय, तिचा नवरा भूकंपात गेला.

ती म्हणाली, "हो काका, नक्की. तुमच्यासाठी गाणं कुठलं लावू?"

मी म्हटलं, गाणं नको, माणूस पाठवा. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, थँक्यू म्हणाली. मला वाटलं, निरोप पोचला.

थोड्या वेळाने स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांत एकदम नाचाचं गाणं वाजलं. डहाणूच्या काकांची खास फर्माईश!

स्टँडवर माझ्याकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

•

केबलवरचे बातमीवाले काही वेगळे नव्हते. गंजाडला एकाच्या घरी कॅमेरा घेऊन आले. हादरा काही येईना. कॅमेरावाला म्हणाला, मावशी, फळीवरची भांडी जरा हलवा, शॉट पाहिजे. मावशीने त्याच्या हातात पातेलं दिलं.

"तू हलव. कॅमेरा मी धरते."

•

तलासरीच्या कॉलेजच्या पोरांनी त्या रेडिओवाल्याची मोबाइलवर चांगली हजेरी घेतली, तेव्हा कुठे त्याने माफी मागितली. आवाज जड केला होता. मागे बासरी. आमचा हेतू तसा नव्हता, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व. बासरी संपायच्या आत टायरची जाहिरात लागली.

त्याच आठवड्यात दिनेशने रिव्हर्स घेताना माझ्या जीपचा इंडिकेटर फोडला. काचा रस्त्यावर. उतरला, हात जोडले, आवाज जड केला.

"काका, तुमचा इंडिकेटर फुटला असेल तर क्षमस्व."

मी नुसतं बघितलं. त्याने मुकाट्याने नंबर सोडला.

•

शेवटी तो रेडिओवाला आला. माझ्या बोलावण्याने नाही, ब्लँकेट वाटायला. बॅनर होता, मोबाइल धरलेली एक मुलगी होती. त्यांची बुटकी गाडी पाड्याच्या रस्त्याला खाली टेकली, म्हणून माझ्या जीपमध्ये बसले. "काका, किती वेळ लागेल?" म्हणाला, आणि मी आवाज ओळखला.

मी सांगितलं, एक बाई तुमची वाट बघत्येय. कशासाठी, तेही सांगितलं. तो त्या मुलीला म्हणाला, हे घेऊ, मस्त होईल.

अंगणात उतरल्यावर त्याने गॉगल काढला. मुलीने मोबाइल वर केला. त्याने हात जोडले. "आजी, मी तुमची माफी मागायला आलोय."

जानीबाय उठली. त्याच्याकडे बघितलं नाही. पदर खोचला आणि सरळ घराकडे चालायला लागली. मुलगा ओरडला, आये, आत नको! ती थांबली नाही. आत गेली आणि रुपजी झोपायचा त्या जागेवर, भिंतीला टेकून खाली बसली. शेजारच्या जमिनीवर हात ठेवला.

"ये. हिथं बसून माग."

तो उंबऱ्यापर्यंत गेला. तड्यातून पलीकडचं ऊन आत येत होतं. त्याने तडा वरपासून खालपर्यंत बघितला आणि उचललेला पाय मागे घेतला.

"आजी, बाहेरच बसू या ना. आत सेफ नाही."

जानीबाय आतून म्हणाली, "मंग हसलास कशाला?"