लाटेच्या आधी फिरलेलं व्हील

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आलोय, खोटं कशाला बोलू! मी जोगेश्वरीचा, बोटींवर ऑटोपायलट बसवायचं काम करतो. वायर तपासल्याशिवाय घरच्या मिक्सरवरही माझा विश्वास बसत नाही.

गेल्या मे महिन्यात मढच्या एका बंगलेवाल्याच्या मोटरबोटीवर ऑटोपायलट बसवला आणि ट्रायलला निघालो. बोट चालवायला तिथलेच तांडेल, साठीचे पास्कलकाका. तिसरं कोणी नाही. सकाळी पाणी शांत होतं. दिशा सेट केली, बटण दाबलं... व्हील आपोआप हलत बोट सरळ निघाली. माझी कॉलर ताठ!

काका हसले. "तुझ्या मशीनला लाट दिसते का रे? ती मागून येऊन बोट फिरवणार, मग याला जाग येणार!"

बोलले ते खरंच होतं. यंत्राला फक्त दिशा कळते. बोटीचं तोंड वळलं की मग ते सावरतं. म्हणून मागून मोठ्या लाटा असल्या की व्हील हातात घ्यायचं, हे मीच गिऱ्हाइकांना शिकवतो.

दुपारी वारा उठला. परतताना लाटा नेमक्या मागूनच. काकांनी ऑटो बंद करून व्हील घेतलं... आणि पाचच मिनिटांत छाती धरून कोसळले.

वाट लागली. यंत्र बसवता येतं, पण असल्या समुद्रात बोट चालवणं मला जमत नाही. स्पीड कमी केला, खाडीच्या तोंडाची दिशा दिली, ऑटो लावला. जेट्टीवर फोन करून माणसं बोलावली. मग काकांना मागे ओढून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे मिटलेले, अंग घामाने थंडगार. "काका, जाऊ नका हो," म्हणत मी चक्क रडत होतो.

तेवढ्यात व्हीलकडे लक्ष गेलं. ते लाटेच्या *आधी* फिरत होतं. मागे लाट उभी राहायची, अजून बोटीला शिवलेलीही नसायची — आणि व्हील थोडं वळून तयार! लाट खालून निघून जायची, बोट सरळच्या सरळ. खाडीत शिरेपर्यंत प्रत्येक लाटेला हेच. काकांचे दोन्ही हात माझ्या हातात होते.

जेट्टीवरून त्यांना थेट हॉस्पिटलला नेलं. वाचले.

ते यंत्र मी नंतर तीनदा उघडलं, दुसऱ्या तांडेलाला घेऊन तशाच लाटांत चालवलं. प्रत्येक वेळी लाट आदळल्यावरच फिरलं.

आठवड्याने भेटायला गेलो. मला बघताच काका भडकले. "काय रे, मी तिथे एकटा व्हीलशी झगडतोय, आणि तू मागे बसून रडतोस? दोनदा हाक मारली तुला!"



मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या मांडीवर कोण पडला होता रे? वाचला ना तो?"

"वाचला, काका," एवढंच म्हणालो. हे कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही. त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाही... सांगायची हिंमतच होत नाही.